दाजी, रंगाचं बोलायचं राहिलं

दाजी,

तुम्ही गेलात त्यानंतरच्या पहिल्या रविवारी आम्ही सगळे नेहमीसारखे कामशेतला टपरीवर जमलो आणि तुमची जागा रिकामी ठेवायची असं ठरलं. भिंतीला डावीकडून तिसरी, पन्हाळीखालची. तळेगावच्या नाईक सरांनी दोन्ही बाजूंच्या सायकली हातभर सरकवल्या. आम्ही हेल्मेटं काढून, माना खाली घालून उभे राहिलो. तेवढ्यात कोबीची दोन पोती लादलेला एक मोटारसायकलवाला आला. त्याला ती जागा आपल्यासाठीच सोडलेली दिसली. त्यानं गाडी आत घातली, स्टँडवर लावली आणि आमच्याकडे बघून 'थँक्यू' म्हणाला. तुमच्या आठवणीत दोन मिनिटं शांत उभं राहायचं होतं, ते आम्ही कोबीसमोर उभे राहिलो.

तुम्ही असता तर म्हणाला असता, "जागा म्हंजी काय सातबाऱ्यावर लावलीय व्हय?"

मग सर मला म्हणाले, "प्रमोद, तू मेव्हणा आहेस, तू दोन शब्द बोल." मी बोललो. तुमचं बेडसे गाव, तुमचं भात, तुमचं दूध, आमच्या आक्काशी झालेलं लग्न, सगळं क्रमानं सांगितलं. लोणावळ्याच्या रिसॉर्टमध्ये बावीस वर्षं रिसेप्शनवर उभा आहे मी. पाहुण्यांना स्विमिंग पूलच्या वेळा सांगाव्यात तसं तुमचं आयुष्य सांगून मोकळा झालो. लोकांनी पाठीवर हात ठेवला. मला जे बोलायचं होतं ते तुमच्या सायकलीच्या रंगाबद्दल होतं, आणि ते चारचौघांत जमलं नाही. तुमच्यासमोर तरी कुठं जमलं होतं? म्हणून लिहितोय.

पहिल्यापासून सांगतो. तुम्हाला सगळं माहीत आहे, पण सुरुवातीपासून सांगितल्याशिवाय मला गोष्ट येतच नाही. लग्नाकार्यात माझ्या शेजारी कुणी जेवायला बसत नाही ते यामुळेच.

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मला साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. चाललो की ओळखीचे लोक विचारायचे, "काय, गाडी बिघडली का?" म्हणून मी सायकल घेतली. निळी, कार्बनची, एका बोटावर उचलता येणारी. उचलायला माझ्याकडे बोट होतं, चालवायला पाय नव्हते. लोणावळ्याहून कामशेतला जाताना उतार आहे, हे माझ्या सायकलिंगचं खरं कारण. पहिले तीन महिने परत येताना मी सायकल टेम्पोत टाकून आलो, आणि घराच्या कोपऱ्यावर उतरून शेवटचे शंभर मीटर घाम गाळत चालवली.

रविवारी सकाळी लोणावळ्याचे आम्ही आणि तळेगाव-इंदुरीचे ते, मध्ये कामशेतला भेटायचो. चहा हे निमित्त. खरा कार्यक्रम आपापली सायकल दाखवण्याचा. भिंतीला ओळीनं सायकली लावायच्या, मग आपल्या सायकलीपासून दोन पावलं लांब, तिच्याकडे पाठ करून उभं राहायचं, कुणीतरी विचारील याची वाट बघत. कुणी विचारलं की दचकल्यासारखं करून वळायचं. "ही होय? साधीच आहे हो." आणि मग अर्धा तास गिअर, चाकं, वजन. नाईक सर तर सायकल फोमच्या कापडानं पुसता पुसता बोलायचे, म्हणजे ऐकणाऱ्याला निघताही यायचं नाही.

अशा एका रविवारी तुम्ही पेंडीचं पोतं कॅरियरला बांधून चहाला थांबलात. काळी, चोवीस इंची, सळईच्या ब्रेकची सायकल, आणि टोपी. दाजी, मी तुम्हाला पाहिलं आणि नाईक सरांच्या मागे सरकलो. हे पहिल्यांदाच कबूल करतोय. पण सर सडपातळ आहेत, मी नाही.

"पम्या!" तुम्ही तिथूनच ओरडलात. "ही चड्डी कुणाची घातलीस रं?"

सगळी टपरी हसली. मी ओळख करून दिली, हे आमचे दाजी. तुम्ही हात पाठीमागे बांधले आणि बाजारात बैल बघत फिरावं तसे भिंतीच्या कडेनं सायकली बघत गेलात. सरांच्या सायकलीपाशी थांबलात.

"ही कुटं कुटं पडलीय?"

"छे छे!" सर म्हणाले. "दोन वर्षं झाली, एक ओरखडासुद्धा नाही."

"मंग अजून दुकानदाराचीच हाय की."

 तुम्ही बोलतच राहिलात. आपली सायकल पोत्यासकट पुढे आणलीत आणि सरांना म्हणालात, "हितं हात लावा." वरच्या दांडीवर मध्यभागी पितळेची एक गाठ होती, आवळ्याएवढी. आबांच्या, म्हणजे तुमच्या वडिलांच्या वेळची. ऐन लग्नसराईत दांडी तुटली, दूध तर पोचायला हवं. आबांनी एका खांद्यावर सायकल घेतली, दुसऱ्या हातात किटली, बेडशाहून चालत कामशेत गाठलं, दूध घातलं, दांडी पितळेनं जोडून घेतली. आणि परत जातानाही चालतच गेले. नवा जोड आहे, पहिल्याच दिवशी त्याच्यावर वजन नको म्हणून.

नाईक सरांनी ग्लोव्ह काढून त्या गाठीला हात लावला. मग आम्ही सगळ्यांनी लावला.

त्या दिवसापासून टपरीचा रिवाज बदलला. गिअरचं बोलणं बंद. दर रविवारी एकाची सायकल पुढे घ्यायची, त्यानं तिच्यावरची एक खूण दाखवायची, ती कशी झाली ते सांगायचं, आणि बाकीच्यांनी तिला हात लावून बघायचं. मिरवायचं असेल तर ओरखडा मिरवा. सरांची तर पंचाईतच झाली. बिचारे दोन महिने नुसतेच ऐकून घेत होते. मग एकदा इंदुरीच्या पुलावर वाळूत घसरले, गुडघा फोडून घेतला आणि लंगडत, हसत टपरीवर आले. "आज माझा नंबर!"

माझी पंचाईत वेगळी. पडायची भीती वाटायची, आणि माझा नंबर तर जवळ आलेला. शनिवारी संध्याकाळी मी बाल्कनीत बसून स्क्रू-ड्रायव्हरनं एक छानसा ओरखडा काढला. रविवारी सांगितलं, वळवणला कुत्रं मागे लागलं, मी असा वळलो, सायकल अशी कुंपणाला घासली. गोष्ट बरी रंगली होती. सगळ्यांनी हात लावला. शेवटी तुम्ही वाकलात, नखानं ओरखडा चाचपलात.

"कुत्र्याला स्क्रू-ड्रायव्हर कुणी दिला रं?"

पुढचे सहा महिने माझं नाव स्क्रू-ड्रायव्हर होतं. पण त्याच दिवशी परत जाताना तुम्ही माझ्याबरोबर कार्ल्याच्या फाट्यापर्यंत आलात. उलट्या दिशेला, पेंडीचं पोतं घेऊन. आणि सगळा रस्ता ओरडत होतात. "मान खाली! गुडघं आत! चढावर बोलू नगंस, दम जातोय! हवा कोण भरतंय चाकात, तुझी आजी?" त्या दिवशी मी पहिल्यांदा टेम्पोशिवाय घरी पोचलो. वर्षभरात साखर खाली आली. डॉक्टरांनी विचारलं, काय करता? मी म्हणालो, मेव्हण्याच्या शिव्या खातो. त्यांना वाटलं मी विनोद करतोय.

दर रविवारी तुम्ही मला कशावरून तरी झाडायचात. मला ते आवडायचं, हे सांगायला हवं होतं. रिसॉर्टमध्ये दिवसभर सगळे मला 'सर' म्हणतात आणि मीही सगळ्यांना 'सर' म्हणतो. आठवड्यातून एकदा कुणी 'गाढवा' म्हटलं की घरी आल्यासारखं वाटायचं.

आपला एक वाद मात्र मिटला नाही. मी सायकल दर शनिवारी शाम्पूनं धुवायचो. तुम्ही तुमची वर्षातून एकदा, दसऱ्याला, तीही नुसती फडक्यानं पुसायचात. तुमचं म्हणणं, धुवायचं ते ढोर. सायकलीला तेल द्यावं आणि सोडून द्यावं. माझं म्हणणं, प्रेम असलं की माणूस निगा राखतो. तुम्ही म्हणायचात, "निगा येगळी आन नटवणं येगळं." मी म्हणायचो, दाजी, तुम्हाला फरक करता येत नाही. फरक कुणाला करता येत नव्हता ते लवकरच दिसलं.

तुमची साठी आली. तुम्ही आणि आक्का चार दिवस लेकीकडे, वर्षाकडे नाशिकला गेला होतात. मी गोठ्यातून तुमची सायकल काढली, टेम्पोत घातली आणि लोणावळ्याच्या बाजारात रफिकभाईंकडे नेली. रफिकभाईंचा हात तुम्हाला माहीत आहे. त्यांनी रंगवलेल्या सायकलीत तोंड बघून भांग पाडावा.

त्यांनी सायकलीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"दाजींना विचारलंय ना?"

"विचारलंय," मी म्हणालो. सरप्राइज कुणी विचारून देतं का?

"सगळा रंग उतरवायचा?"

"सगळा. चेप काढा, जुनं चेनकव्हर बदला, मुठी नव्या बसवा. आणि सोनेरी रेघा."

रफिकभाईंनी त्या पितळेच्या गाठीवरून बोट फिरवलं. "जोड आतून पक्का आहे. वरचं नुसतं घासलं तरी मोडायचा नाही. पण आहे ते चांगलं दिसतंय की. राहू द्यायचं का?"

दाजी, त्या गाठीला मी स्वतः हात लावलेला. आबांची गोष्ट मला तोंडपाठ; ती मी माझ्या मुलांना सांगितलेली, रिसॉर्टमधल्या एका गुजराती कुटुंबालासुद्धा सांगितलेली. पण त्या वेळी डोळ्यांसमोर फक्त रविवारची सकाळ होती. वर चादर, ती मी ओढतोय, खाली गुळगुळीत काळी सायकल, आणि सगळे 'वा, प्रमोद!' म्हणतायत.

"घासून टाका," मी म्हणालो.

रविवारी मी रिसॉर्टची पांढरी चादर नेली. सायकलीला झेंडूचा हार घातला. तुम्ही वर्षाकडून येऊन, आबांच्या काळातली बंडी घालून, 'सायकल कुणी नेली' म्हणत जीपनं कामशेतला आलात. मी चादर ओढली. टाळ्या पडल्या. सोनेरी रेघा उन्हात चमकल्या. सर म्हणाले, "वा, प्रमोद!"

तुम्ही सायकलीभोवती एक चक्कर मारलीत. अंगठा वरच्या दांडीवरून पुढून मागे नेलात. कुठं थांबला नाही तो. मग पुन्हा, मागून पुढे. मग हात काढून घेतलात.

"झ्याक झालीय," तुम्ही म्हणालात.

"आवडली ना, दाजी?"

"व्हय तर. लय कष्ट घेतलंस."

हार काढून हँडलला अडकवलात, चहा प्यायलात, आणि घरी गेलात. मी सगळ्यांकडून पाठीवर थाप घेतली. माझ्या डोक्यात उजेड पडायला आठवडा लागला. पुढच्या रविवारी तुमचा नंबर होता. सगळे वाट बघत होते, कारण तुमच्या गोष्टी संपायच्या नाहीत. चाळीस वर्षांची दुधाची फेरी, गोष्टी कशा संपतील? तुम्ही सायकल पुढे घेतलीत, खाली-वर बघितलंत आणि म्हणालात, "हिच्यावर आता काय न्हाई. नवी हाय. पुढचा घ्या."

लोक हसले. मी हसलो नाही.

त्यानंतर तुम्ही मला ओरडायचं बंद केलंत. सुरुवातीला वाटलं, योगायोग. मग मी तपासायला लागलो. एकदा हेल्मेट उलटं घालून आलो. तुम्ही बघितलंत, आणि बिस्किटाचा पुडा माझ्यापुढे केलात. एकदा मुद्दाम मागच्या चाकात हवा कमी ठेवली. तुम्ही चाकाकडे बघितलंत, मग माझ्याकडे. तोंड उघडलंत. मी मनात म्हटलं, चला, आली एकदाची. तुम्ही म्हणालात, "चहा घेणार ना?" पाहुण्याला विचारावं तसं. दाजी, मी पोटापाण्यासाठी लोकांशी गोड बोलतो. गोड बोलणं कसं असतं ते मला कळतं.

दीड वर्ष असं गेलं. मी तीनदा बोलायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा बेडशाकडच्या चढावर. "दाजी, तो रंग..." एवढं म्हणालो आणि दम संपला, तुम्ही न थांबता पुढे गेलात. दुसऱ्यांदा तुमच्या घरी, जेवताना. "दाजी, ते सायकलीचं मी जरा..." तुम्ही म्हणालात, "अगं, ह्याला भात वाढ." वाढलेला भात मी खाल्ला. तिसऱ्यांदा दवाखान्यात. तुमच्या नाकाला नळी, हाताला सुई. आता बोलायचंच असं जिन्यातच ठरवून मी मोसंब्या घेऊन आलो. आणि बोललो काय, तर कांद्याचा बाजार. तुम्ही ऐकून घेतलंत आणि मध्येच विचारलंत, "सकाळी गेलतास?"

"गेलो होतो."

"कुटवर?"

"कार्ल्यापर्यंत."

तुम्ही मान हलवलीत. मला वाटलं, विषय संपला म्हणून काहीतरी विचारायचं तसं विचारलंत. मोसंब्या ठेवून निघालो. तो आपला शेवटचा संवाद.

आता परवाचं सांगतो, ते तुम्हाला माहीत नाही.

नाईक सरांच्या डोक्यात आलं की तुमची सायकल टपरीच्या भिंतीवर उंच टांगावी, खाली तुमच्या नावाची पाटी. सगळ्यांना पटलं. आक्काला विचारायला मला पाठवलं. मी गेलो, मोटारसायकलवर. तुम्ही गेल्यापासून मी माझ्या सायकलीला हात लावलेला नाही. बाल्कनीत आहे ती. बायको तिच्यावर टॉवेल वाळत घालते.

दुपारची वेळ. आक्का पडवीत बसून सुपात तांदूळ निवडत होती. मागं गोठ्याच्या दारात तुमची सायकल. मी पाणी प्यायलो, इकडचं तिकडचं बोललो, मग सरांचा निरोप सांगितला.

"टांगणार? कशाला? ती काय वाघाचं मुंडकं हाय?"

"आठवण म्हणून गं."

"न्हाई म्हणून सांग त्यास्नी."

"बरं."

ती निवडत राहिली. मी सुपातले दोन खडे काढले, त्यातला एक तांदूळ निघाला. मग मी जमिनीकडे बघत विचारलं, "आक्का, दाजींना राग आला होता का गं?"

कशाचा, ते मी म्हणालो नव्हतो.

"रंगाचा व्हय? आलता का म्हंजी? दोन महिनं धार काढताना तुझाच उद्धार चाललेला. ती म्हस दूध चोराया लागली भ्यानं."

दाजी, मला किती बरं वाटलं काय सांगू. दीड वर्ष मी तुमचं ते 'लय कष्ट घेतलंस' घेऊन फिरत होतो.

"मग मला का नाही बोलले?"

"मी बी तेच म्हणायची. एवढं पोटात कशाला ठिवताय, बोलवा त्याला आन झाडा एकदा. तर म्हणायचे, 'न्हाई. लय हौशीनं केलंय त्यानं. तोंडावर बोललो तर शरमंल, टपरीवर यायचा बंद हुईल. सायकल सुटंल. मग साखर वाढंल त्याची. रंगाचं काय, गेला तर गेला.' रविवारी घरी आले की मी इचारायची, पम्या आलता का? आलता म्हणले की बरं असायचे दिवसभर."

मी सुपातले आणखी दोन खडे काढले. मग म्हणालो, "गोठ्यात काय म्हणायचे ते सांग."

"आता कशाला उकरतोस?"

"सांग. जसंच्या तसं."

आक्कानं सूप बाजूला ठेवलं, पदर खोचला. तुम्हाला माहीत आहे, नक्कल तिला लहानपणापासून येते. आमच्या माहेरच्या गावी, शिरगावच्या शाळेत मास्तरांची नक्कल करून तिनं मार खाल्लाय. पण मी तयार नव्हतो. तुमचाच आवाज आला.

"'आरं गाढवा! हाटेलात येणाऱ्या-जाणाऱ्याला इचारतोस, चहा घेणार का कॉफी घेणार. मंग मला एकदा इचाराया तुझी जीभ झडली व्हती? माझा बाप हात ठिवून व्हता त्या दांडीवर. मी सकाळी चढावर लागलो की तितं हात ठिवायचो. तू त्याला कानशीनं घासलास! आन घासून वर हार घातलास, भाड्या! हार!'"

तिचा श्वास फुलला होता. माझे कान लाल झाले होते. गोठ्यात म्हैस उठून उभी राहिली.

"हे त्यांचं झालं," आक्का आपल्या आवाजात म्हणाली. "आता माझं."

"तुझं?"

"मंग? मला कुणी इचारलं व्हतं? चेनकव्हरला खालनं चेप व्हती. वरनं दिसायची न्हाई, वाकून बघावं लागायचं. ती माझी व्हती."

दाजी, ही गोष्ट तुम्ही टपरीवर कधीच सांगितली नाहीत. लग्नानंतरचा पहिला उन्हाळा. भात काढून झालेलं, खाचर कोरडं. सासूबाई देवळात गेल्या की तुम्ही आक्काला सायकल शिकवायचात. काष्टा घट्ट मारून, दांडीच्या खालून पाय घालून, तुम्ही मागं कॅरियर धरून पळताय. चौथ्या दिवशी तुम्ही हात सोडलात. ती पंचवीस पावलं गेली, तिनं मोजली होती, आणि मग बांध आला. आबांनी चेपलेलं कव्हर पाहिलं. तुम्ही म्हणालात, मी पडलो. एवढ्या मोठ्या घोड्याला सायकल सांभाळता येत नाही म्हणून आबांनी तुम्हाला दोन ठेवून दिल्या. आक्का चुलीपाशी बसून ऐकत होती.

"कुणाला सांगणार न्हाई म्हणले, आन जलमभर न्हाई सांगितलं," आक्का म्हणाली. "गोठा झाडताना मी रोज वाकून बघायची. हाय का जाग्यावर. नाशकावरनं आले, वाकले, तर नवं कोरं कव्हर. जुनं कुटं हाय रं?"

"भंगारात दिलं," मी म्हणालो.

तिनं मान डोलावली. खोटं बोलायला आता जागाच नव्हती. इतके दिवस मी तुमच्या एकट्याच्या रागाचा विचार करत होतो. त्या सायकलीवर आक्काचंही काही असेल, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. सख्खी बहीण माझी.

"आक्का, चुकलं माझं."

दोन शब्द, दाजी. दीड वर्षात तुमच्यापुढे निघाले नाहीत, ते तिच्यापुढे निघाले.

"बघू," आक्का म्हणाली.

"बघू म्हणजे?"

"म्हंजी बघू. ते गिळून बसले, मी न्हाई गिळायची. रविवारी ये. आन गाडीवर न्हाई, सायकलीवर ये. गाडीवर आलास तर पाणी बी देयाची न्हाई."

"येतो. काय काम आहे?"

तिनं सूप परत मांडीवर घेतलं. तांदूळ पाखडले. मग गोठ्याच्या दाराकडे बघत म्हणाली, "खाचर कोरडं पडलंय. पाय इसरलेत का बघायचंय. मागं धरायला कुणीतरी लागंल."

"पडशील आक्का, या वयात."

"पडंन. कव्हर चेपंल. तू बोलायचं न्हाई."

तर टपरीवर मी कळवलं की सायकल टांगायची नाही. का, ते सांगितलं नाही. बाल्कनीतल्या सायकलीवरचे टॉवेल काढलेत. रविवारी उजाडताच निघतो. लोणावळा ते बेडसे मला जमेल असं वाटतं; पुढे खाचरात आक्काच्या मागं पळणं जमेल का, ते ठाऊक नाही.

तुमच्या सायकलीचं कॅरियर आजवर तुमच्याशिवाय कुणी धरलेलं नाही, असं आक्का म्हणते. म्हणून दाजी, या वेळी आधी विचारतोय. मी धरू का?